फोन लोगोवर अडकलाय? कंपनीचं अधिकृत सॉफ्टवेअर घरी बसून पुन्हा कसं टाकायचं

फोन चालू होतो, कंपनीचा लोगो येतो, स्क्रीन काळी होते आणि पुन्हा तोच लोगो. कधी अपडेट अर्धवट राहिलेला असतो, कधी स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं, तर कधी कारण कळतच नाही. फोन घेऊन ठाणे स्टेशनजवळच्या किंवा वाशीच्या एखाद्या दुकानात गेलं की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "सॉफ्टवेअर मारावं लागेल, ठेवून जा, संध्याकाळी या." कोणतं सॉफ्टवेअर, कुठून आणलेलं, माझ्या फोटोंचं काय होणार, असं विचारलं की समोरचा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माझ्या फोनच्या वेळी मला हाच अनुभव आला.

हे काम करणारी साधनं काही कंपन्यांनी ग्राहकांसाठी मोफत ठेवलेली आहेत. घरच्या लॅपटॉपवर ती चालतात. आधी माझ्या फोनवर आणि मग कोपरखैरणे-ऐरोलीतल्या ओळखीच्यांच्या फोनवर ही प्रक्रिया केल्यावर माझं मत पक्कं झालंय: साधन आपलं काम चोख करतं, घोटाळा होतो तो त्याच्या आधी. पासवर्ड आठवत नाही, मॉडेल नीट पाहिलेलं नसतं, केबल ढिली असते, बॅकअप घेतलेला नसतो. म्हणून या लेखात तयारीवर जास्त भर आहे. घाई असली तरी ती गाळू नका.

मुख्य उदाहरण मोटोरोलाच्या साधनाचं घेतलंय. सॅमसंग, पिक्सेल आणि आयफोनचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

१. आधी ठरवा, गरज आहे का?

सॉफ्टवेअर पुन्हा टाकणं हा शेवटून दुसरा उपाय. शेवटचा सर्व्हिस सेंटर. त्याआधी हे करून बघा:

- पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा. सॅमसंगवर पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र धरायचं. नुसता अडकलेला फोन एवढ्यानेही सुरू होतो.
- सिम आणि मेमरी कार्ड काढून चालू करा. खराब मेमरी कार्डामुळेही फोन सुरू होताना अडकतो.
- तासभर चार्जिंगला लावा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा. बॅटरी पार उतरली असेल तर लोगो येऊन फोन बंद पडणं साहजिक आहे.
- फोन कसाबसा सुरू होत असेल, फक्त फार अडखळत असेल, तर सेटिंग्जमध्ये मोकळी जागा बघा. एक-दोन जीबीच उरली असेल तर दुखणं तिथे आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. फोन पावसात भिजला असेल, पडला असेल, पाठ फुगली असेल किंवा चार्जिंगला लावल्यावर चटका बसण्याइतका तापत असेल, तर पुढचं काहीही करू नका. हा बिघाड हार्डवेअरचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लोकलच्या दारात उभं राहून आलेल्या माणसाचा फोन खिशातल्या खिशात ओला होतो. चार्जिंगच्या तोंडात ओल असताना केबल लावून सॉफ्टवेअर टाकायला बसणं धोक्याचं आहे. आधी फोन कोरडा होऊ द्या, नाहीतर दुरुस्तीला द्या.

२. तुमच्या फोनसाठी कोणतं साधन?

मोटोरोला: 'सॉफ्टवेअर फिक्स'. याचं जुनं नाव 'रेस्क्यू अँड स्मार्ट असिस्टंट'. विंडोजवर चालतं.

सॅमसंग: 'स्मार्ट स्विच'ची संगणकावरची आवृत्ती. तिच्यात फोन अपडेट करता येतो आणि आपत्कालीन रिकव्हरीचा पर्यायही असतो, पण तो प्रत्येक मॉडेलला चालेलच असं नाही. दुकानात वापरतात ते 'ओडिन' कंपनीने ग्राहकांसाठी दिलेलं नाही. त्याच्यासाठीच्या फायली लोक इकडून तिकडून उतरवतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

गूगल पिक्सेल: गूगलच्या मदत-पानांवरून उघडणारं दुरुस्तीचं साधन, क्रोम ब्राउझरमध्येच चालतं.

आयफोन: मॅकवर फाइंडर, विंडोजवर 'ॲपल डिव्हायसेस' ॲप किंवा आयट्यून्स.

शाओमी, रेडमी, पोको, विवो, ओप्पो, रिअलमी: बूटलोडर (फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) लॉक असलेल्या फोनवर पूर्ण सॉफ्टवेअर टाकायची साधनं बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरच्या खात्यांवरच चालतात. 'फुटलेली' (क्रॅक केलेली) आवृत्ती मिळते म्हणून ती उतरवू नका. या फोनसाठी फोनमधल्याच रिकव्हरीतून (बटणं धरून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) फॅक्टरी रीसेट करून बघा, त्यानेही डेटा जातो म्हणून आधी पायरी ४ आणि ५ वाचा, आणि नाही जमलं तर थेट पायरी १० वर जा.

३. काय काय हाताशी हवं

कागदपत्रं:

- फोनचं बिल. वॉरंटीसाठी लागतं आणि फोन तुमचाच आहे याचा पुरावाही तोच.
- फोनचा खोका. त्यावर मॉडेल नंबर आणि आयएमईआय (फोनचा १५ आकडी ओळख क्रमांक) छापलेला असतो. खोका टाकून दिला असेल तर बिलावर बघा. फोन सुरू होत असेल तर *#०६# डायल केल्यावर आयएमईआय दिसतो. काही फोनवर तो सिमच्या ट्रेवरही कोरलेला असतो.

सामान:

- विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप, डिस्कवर किमान १५-२० जीबी मोकळी जागा.
- फोनसोबत आलेली किंवा खात्रीची डेटा केबल. स्टॉलवरच्या स्वस्त केबलींमध्ये कित्येकदा फक्त चार्जिंगच्या तारा असतात. तपासायला सोपं आहे: घरातला दुसरा, चांगला फोन त्या केबलने लॅपटॉपला जोडा. फोटो दिसले तर केबल चालेल.
- चांगलं वायफाय. सॉफ्टवेअरची फाइल काही जीबींची असते. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या पॅकच्या हॉटस्पॉटवर ती अर्ध्यात अडकते.
- दुसरा साधा फोन. तुमचं सिम त्यात घालून ओटीपी घ्यायला.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर थांबा. ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट इथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडे एकच लॅपटॉप असतो आणि तो कंपनीचा असतो. त्यावर यूएसबी पोर्ट बंद केलेले असतात किंवा नवीन सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते. मग इन्स्टॉल होतं, पण फोन दिसतच नाही आणि माणूस तासभर केबलला दोष देत बसतो. घरचा, मित्राचा, कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याचा, कुणाचाही चालेल, ऑफिसचा नको.

४. डेटा: काय वाचतं, काय जातं

मोटोरोलाच्या 'रेस्क्यू'मध्ये, म्हणजे त्यांच्या साधनाने सॉफ्टवेअर पुन्हा टाकताना, फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पिक्सेल आणि सॅमसंगच्या बाबतीतही पुसला जाणार असंच धरून चाला. आयफोनवर मात्र दोन बटणं येतात. 'अपडेट' दाबलं तर डेटा न पुसता आयओएस पुन्हा टाकायचा प्रयत्न होतो, 'रिस्टोर' दाबलं तर सगळं जातं. आयफोनवाल्यांनी आधी 'अपडेट'च निवडायचं.

फोन थोडा तरी सुरू होत असेल तर लगेच हे करा:

- फोटो आणि कागदपत्रं केबलने लॅपटॉपवर कॉपी करा. क्लाउडवर आहेत अशी समजूत असेल तर दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून, डोळ्यांनी बघून खात्री करा.
- व्हॉट्सॲपचा बॅकअप शेवटचा कधी झाला ती तारीख बघा. गूगल खात्याची मोफत १५ जीबी जागा भरलेली असेल तर हा बॅकअप गुपचूप थांबलेला असतो.
- ओटीपी तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते खात्याशी सिंक आहे का बघा. नसेल तर त्यातली खाती दुसऱ्या फोनवर हलवा.
- कॉन्टॅक्ट फोनमध्ये सेव्ह आहेत की गूगल खात्यात, हे बघा. वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ते बहुतेक वेळा फक्त फोनमध्येच असतात.
- ई-सिम वापरत असाल तर तेही पुसलं जाऊ शकतं. ते परत मिळवायची तुमच्या मोबाइल कंपनीची पद्धत आधीच विचारून ठेवा.

टच गेलाय पण फोन सुरू होतो, अशा वेळी ओटीजी अडॅप्टर (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा जोड) लावून साधा यूएसबी माउस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि बॅकअप घेता येतो.

फोन अजिबात सुरू होत नसेल आणि कुठेच बॅकअप नसेल, तर इथे थांबून विचार करा. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर बाजारात आलेल्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या आत असते. चिप काढून दुसरीकडे लावली तरी तो वाचता येत नाही. "डेटा काढून देतो, आधी पैसे ठेवा" असं कुणी सांगितलं तर हे लक्षात असू द्या. पण डेटा खरोखर मोलाचा असेल, बाळाचे पहिल्या वर्षाचे फोटो असतील, गेलेल्या माणसाचा आवाज असेल, तर रेस्क्यू करू नका. आधी अधिकृत सेंटरमध्ये नेऊन बिघाड नेमका कुठे आहे ते तपासून घ्या. बोर्डचा किरकोळ दोष निघाला तर डेटा वाचण्याची आशा असते. सॉफ्टवेअर टाकून डेटा पुसल्यावर तीही उरत नाही.

५. खात्यांचे पासवर्ड

लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनमध्ये चोरीविरोधी कुलूप असतं. रिकव्हरीतून किंवा केबलने फोन पुसला की सुरू झाल्यावर तो आधीच्याच गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड मागतो. तो दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आयफोनवर हेच काम ॲक्टिव्हेशन लॉक करतं.

म्हणून सॉफ्टवेअर टाकण्याआधी लॅपटॉपवर त्या गूगल खात्यात लॉगिन करून दाखवा, स्वतःलाच. 'लॉगिन आहे' एवढं पुरेसं नाही. लॉगआउट करून, पासवर्ड हाताने टाइप करून आत जा. लॉगिन करताना गूगल "तुमच्या फोनवर 'होय' दाबा" असं म्हणेल आणि तो फोन तर लोगोवर अडकलेला असेल. त्यासाठी सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि एसएमएसने कोड मागवा. आत गेल्यावर सुरक्षा विभागातून बॅकअप कोड काढून कागदावर लिहून ठेवा.

पासवर्ड विसरल्यामुळे आत्ताच बदलला असेल तर २४ तास थांबा. पासवर्ड बदलल्यावर लगेच फोन रीसेट करू नका, असं गूगल स्वतःच सांगतं.

जुना फोन विकत घेतलेला असेल तर त्यात आधीच्या मालकाचं खातं राहिलेलं नाही ना, ते त्यालाच विचारा. त्याच वेळी 'केवायएम' (इंग्रजीत KYM) लिहून जागा सोडून १५ आकडी आयएमईआय टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. 'संचार साथी' संकेतस्थळावरही हीच तपासणी होते. फोन ब्लॉक असल्याचं उत्तर आलं तर सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही. "आयएमईआय बदलून देतो" म्हणणाऱ्याच्या तर जवळपास फिरकू नका, तो गुन्हा आहे.

६. नेमकं मॉडेल लिहून घ्या

दुकानातलं नाव आणि कंपनीच्या लेखी असलेलं मॉडेल यात फरक असतो. एकाच नावाचा फोन भारतात, युरोपात आणि अमेरिकेत वेगवेगळ्या मोडेमसह (मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागासह) विकला जातो. मोटोरोलाचा मॉडेल नंबर 'एक्सटी' या अक्षरांनी सुरू होतो, मग चार आकडे, रेघ आणि पुढचा आकडा. रेघेपुढचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. फोन सुरू होत असेल तर 'अबाउट फोन'मध्ये सॉफ्टवेअर चॅनेल दिसतो. भारतातल्या खुल्या बाजाराच्या फोनवर तिथे 'रेटइन' असतं. सॅमसंगमध्ये भारतासाठी 'आयएनएस' हा कोड असतो.

दुबईहून काकांनी आणलेला फोन असेल तर हे जास्तच काळजीने बघा. साधनाने तुमचा फोन ओळखून जे सॉफ्टवेअर सुचवलं तेच घ्यायचं, 'भारताचं बरं' म्हणून दुसरं निवडायचं नाही.

जुन्या अँड्रॉइडवर परत जायची इच्छा असेल तर ती सोडून द्या. नवीन बूटलोडर जुनं सॉफ्टवेअर नाकारतो आणि जबरदस्ती केली तर चालता फोन बंद पडू शकतो.

७. लॅपटॉप आणि वेळ

साधन कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सपोर्ट विभागातूनच उतरवा. गूगलवर शोधल्यावर वरती जाहिरात म्हणून येणारे दुवे टाळा. इन्स्टॉल करताना विंडोज परवानगी मागतं त्या खिडकीत प्रकाशकाचं नाव असतं. तिथे कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. 'अननोन' असेल तर रद्द करा.

मग:

- लॅपटॉप चार्जरला लावा आणि त्याची बॅटरीही भरलेली ठेवा.
- सेटिंग्जमध्ये स्लीप 'नेव्हर'वर ठेवा, झाकण मिटू नका.
- विंडोजचा अपडेट थांबलेला असेल तर तो आधी होऊ द्या, नाहीतर मध्येच रीस्टार्ट मागेल.
- केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा. हब नको. डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा.

विजेचा विचार करून दिवस निवडा. महावितरण नियोजित खंडाचा एसएमएस नोंदवलेल्या नंबरवर पाठवतं, तो बघा. कळवा-मुंब्रा भागात पुरवठा टोरंटकडे आहे, तिथे त्यांची सूचना बघा. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहील, पण वायफायचा राउटर बंद पडला तर डाउनलोड तुटेल. डाउनलोड तुटलं तर नुकसान फक्त वेळेचं. डेस्कटॉपवर करत असाल तर मात्र यूपीएस हवाच.

फोनची बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या. लोगोवर अडकलेला फोन चार्जिंगलाही स्थिर राहत नाही, कारण वीज मिळाली की तो सुरू व्हायला बघतो. अशा वेळी पुढच्या पायरीत सांगितलेल्या फास्टबूट पडद्यावर नेऊन बघा, तिथे बॅटरीची स्थिती लिहिलेली असते.

८. प्रत्यक्ष काम

पहिलं: सॉफ्टवेअर फिक्स उघडा, खातं तयार करून लॉगिन करा. फोन सुरू होत असेल तर त्यातल्या बॅकअपच्या सोयीने आणखी एक प्रत घ्या.

दुसरं: 'रेस्क्यू' निवडा, मग 'फोन'. साधन फोनचा प्रकार किंवा आयएमईआय विचारेल. खोक्यावरून बघून टाका.

तिसरं: फोन पूर्ण बंद करा. लोगोवर फिरत असेल तर पॉवर बटण धरून ठेवा आणि स्क्रीन काळी होताच व्हॉल्यूम डाउनही दाबा. दोन्ही बटणं तीनेक सेकंद धरून सोडा. बारीक अक्षरांचा काळा पडदा येतो, हाच फास्टबूट. तो बघून बरेच जण घाबरतात, पण ते चांगलं लक्षण आहे. या पडद्यावर वरच्या बाजूला 'स्टार्ट' लिहिलेलं असतं. खाली बूटलोडर, बेसबँड, सिरियल नंबर अशा ओळी असतात. त्यांत तीन गोष्टी शोधा. 'बॅटरी ओके' आहे का? 'लो' असेल तर आधी चार्ज करा, कारण फोन सॉफ्टवेअर घेणारच नाही. बूटलोडर 'लॉक्ड' आहे का? कंपनीच्या फोनवर तसंच असतं आणि अधिकृत सॉफ्टवेअरसाठी ते उघडावं लागत नाही. केबल लावल्यावर 'यूएसबी कनेक्टेड' येतं का? ही ओळ बदलली की फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलू लागले. बदलली नाही तर केबल किंवा पोर्ट बदला. या पडद्यावर पॉवर बटण दाबू नका, तो 'स्टार्ट' पर्याय निवडला जाईल.

चौथं: साधनाने दाखवलेलं मॉडेल आणि तुम्ही कागदावर लिहिलेलं मॉडेल अक्षर-अक्षर जुळवा. जुळलं की डाउनलोड करा. इथे वेळ लागतो.

पाचवं: 'रेस्क्यू' दाबा. डेटा पुसला जाईल अशी सूचना येईल, ती वाचून पुढे जा.

आता हात लांब. आत काय चाललंय ते माहीत असेल तर धीर धरता येतो. सुरुवातीला स्टोरेजची मांडणी आणि बूटलोडर लिहिला जातो, मग मोडेम आणि बूट, त्यानंतर मुख्य सिस्टिम तुकड्या-तुकड्यांनी. अखेरीस तुमचा डेटा पुसला जातो. प्रत्येक तुकड्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि फोन ती तपासतो, म्हणून दुसऱ्याच मॉडेलची किंवा छेडछाड केलेली फाइल तो नाकारतो. सगळ्यात नाजूक काळ बूटलोडर लिहिण्याचा, आणि तो सुरुवातीलाच असतो. त्या वेळी केबल निसटली तर फोन पूर्ण बंद पडू शकतो. मुख्य सिस्टिमच्या वेळी अडलं तर बहुतेक वेळा फोन पुन्हा फास्टबूटमध्ये नेऊन पहिल्यापासून करता येतं. तरीही सगळा वेळ तोच नियम पाळा: टेबल हलवायचं नाही, फोन उचलून बघायचा नाही, लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत.

टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबलेली दिसेल. मोठा तुकडा जात असतो, वाट बघा. मध्ये फोन स्वतःहून रीस्टार्ट झाला तरी चालेल. काम झाल्याचा संदेश लॅपटॉपवर दिसेपर्यंत केबल काढायची नाही. त्यानंतरचं पहिलं सुरू होणंही सावकाश असतं, दहाएक मिनिटं लोगो दिसला तर काळजी नको.

आयफोन (८ आणि पुढचे): फोन मॅक किंवा पीसीला जोडा. व्हॉल्यूम अप दाबून लगेच सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून लगेच सोडा, मग बाजूचं बटण धरून ठेवा. ॲपलचा लोगो आला तरी सोडू नका, केबल आणि लॅपटॉपचं चित्र येईपर्यंत धरा. मग 'अपडेट'. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर फोन या अवस्थेतून आपोआप बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि बटणांचा क्रम पुन्हा करा. संथ इंटरनेटवर हे होणारच.

९. अडलं तर, आणि झालं तर

अडलं तर या क्रमाने: दुसरी केबल, दुसरा पोर्ट, लॅपटॉप रीस्टार्ट, साधन काढून पुन्हा इन्स्टॉल, दुसरा लॅपटॉप. आयफोनवर ९, ४००५, ४०१३, ४०१४ हे त्रुटी क्रमांक आले तर मध्येच जोडणी तुटलेली असते, तिथेही सुरुवात केबलपासूनच. प्रत्येक वेळी नेमक्या त्याच टक्क्याला अडत असेल, तर फोनमधली स्टोरेज चिप खराब असण्याची दाट शक्यता आहे. मग वेळ घालवू नका.

झालं तर सेटअप पूर्ण करून लगेच तपासा: *#०६# वर आलेला आयएमईआय खोक्याशी जुळतो का, सिमला नेटवर्क येतं का, फोन लागतो का, वायफाय, दोन्ही कॅमेरे आणि बोटाचा ठसा चालतो का. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली फोन प्रमाणित असल्याची नोंद दिसायला हवी. मग उरलेले सुरक्षा अपडेट घ्या, या वेळी बॅटरी भरून.

यूपीआय ॲप्स नव्याने नोंदवावी लागतात. त्यासाठी बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. पॅक संपलेलं असेल तर नोंदणी होत नाही. तोवर खिशात थोडी रोख ठेवा. लोकलचा पास मोबाइलवर काढलेला असेल तर तो ॲपमध्ये पुन्हा दिसेपर्यंत खिडकीवरून तिकीट काढा. टीसीला फोन पुसल्याचं कारण सांगून दंड चुकत नाही.

१०. सर्व्हिस सेंटरमध्ये न्यायचं ठरलं तर

फोन लॅपटॉपला दिसतच नाही, फास्टबूटही येत नाही, पडदा पूर्ण काळा आहे, किंवा वर सांगितल्यासारखा एकाच जागी अडतोय, तर अधिकृत केंद्र गाठा. ठाण्यात आणि नवी मुंबईत मोठ्या कंपन्यांची अधिकृत केंद्रं आहेत. 'ऑथराइज्ड' अशी पाटी लावलेली दुकानंही भरपूर आहेत, म्हणून पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या. अपॉइंटमेंट मिळत असेल तर घेऊन जा, शनिवारी-रविवारी गर्दी असते.

जाताना बिल न्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. तुम्ही कोणतं साधन वापरलं आणि कुठे अडलं ते मोकळेपणाने सांगा, अडलेल्या पडद्याचा फोटो दाखवा. कंपनीचंच साधन वापरून तिचंच सॉफ्टवेअर टाकलंय, त्यामुळे सांगायला कचरू नका. बूटलोडर उघडला असेल तर मात्र वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो.

फोन हातातून देण्याआधी जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याची पावती, घ्या. त्यावर आयएमईआय, तुम्ही सांगितलेला दोष, फोनची बाहेरची अवस्था आणि अंदाजे खर्च लिहिलेला हवा. स्क्रीनवर ओरखडे नसतील तर 'ओरखडे नाहीत' असं लिहून घ्या. अंदाजाहून जास्त खर्च येणार असेल तर विचारल्याशिवाय काम करू नका, हेही त्यावर लिहून घ्या. फोनचा पासवर्ड मागितला तर कशासाठी ते विचारा. डेटा पुसूनच काम होणार असेल तर त्याची गरज नसते. फोन परत घेताना पायरी ९ मधली तपासणी काउंटरवरच करा, सिम सोबत नेऊन. बोर्ड बदलला असेल तर आयएमईआय बदललेला असू शकतो, तो जॉबशीटवर नमूद करून घ्या. वाद झाला आणि तिथे मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार नोंदवताना जॉबशीटचा क्रमांक लागेल.